गॅरेजमधल्या सहा प्लेट्स

मार्चच्या पंधरा तारखेला, शनिवारी दुपारी, नीलांबरी, तिची पंधरा वर्षांची मुलगी सिया आणि शेजारच्या मिस अर्नेस्टीन टेक्सासमधल्या फ्रिस्को शहराच्या जुन्या भागातल्या एका लहानशा कॅफेत जेवायला गेल्या. कॅफेत अकरा टेबलं आणि भिंतीवर एक फळा. फळ्यावर डावीकडे मांसाचे चार पदार्थ, उजवीकडे नऊ भाज्या. डावीकडचा एक आणि उजवीकडचे तीन निवडायचे, कॉर्नब्रेड सोबत येतो. नीलांबरी शाकाहारी, त्यामुळे ती उजवीकडचे चार घ्यायची. मॅकरोनी-चीज तिथे भाज्यांत मोडतं आणि त्यावर कोणी वाद घालत नाही.

"बीन्स घेऊ नकोस, हनी," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "त्यात डुकराचं हाड असतं. भातावरही माझा पूर्ण विश्वास नाही. भेंडी घे."

मिस अर्नेस्टीन चौऱ्याहत्तर वर्षांच्या, कृष्णवर्णीय, पूर्व टेक्सासातल्या एका खेड्यातून आलेल्या. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झाल्या होत्या आणि मुलाने घेतलेल्या घरात एकट्या राहत होत्या. मुलगा सैन्यात, वर्षातून दोनदा यायचा. दोन्ही घरांमध्ये एक लाकडी कुंपण होतं.

जाडजूड पांढऱ्या प्लेट्स घेऊन वेट्रेस आली. ती मिस अर्नेस्टीनच्या चर्चमधली होती.

"ही मिस नीला," मिस अर्नेस्टीन तिला म्हणाल्या. "हिच्याकडे मी जेवायला गेले की ही माझ्यासाठी ख्रिसमसच्या प्लेट्स काढते. ख्रिसमसला नव्हे, एप्रिलमध्ये! जुलैमध्येसुद्धा! घरचे सगळे स्टीलच्या ताटांत जेवतात आणि मी एकटी राणीसारखी नक्षीच्या प्लेटमध्ये."

"माझ्या सुनेला सांगा हे," वेट्रेस म्हणाली. "ती मला कागदाची प्लेट देते."

"तुझी सून तुला ओळखून आहे."

शेजारच्या टेबलावरचेही हसले. नीलांबरीही हसली. सिया हसली नाही. ती भेंडीचे तुकडे काट्याने एका रांगेत लावत बसली.

त्या प्लेट्स एकूण सहा होत्या. पांढऱ्या, कडेने काटेरी हिरवी पानं आणि लाल फळं. सियाच्या वर्गाच्या पार्टीसाठी नीलांबरीने त्या जानेवारीच्या सेलमध्ये आणल्या होत्या. पार्टी झालीच नाही, खोका गॅरेजमध्ये गेला. दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं, तीन दिवस वीज गेली. नीलांबरीच्या घरी सगळं विजेवर. मिस अर्नेस्टीनकडे गॅसची शेगडी होती. त्या तीन दिवसांत त्यांनी नीलांबरी, तिचा नवरा मोरेश्वर आणि सिया या तिघांना मक्याची गरम लापशी, रताळी आणि चहा दिला, आणि रात्री हॉलमध्ये झोपायला जागा दिली. पुढच्या महिन्यात नीलांबरीने त्यांना जेवायला बोलावलं. पानं घ्यायच्या वेळी ती गॅरेजमध्ये गेली आणि खोक्यातली एक प्लेट काढून घेऊन आली.

तेव्हा तिने काही विचार केला नव्हता. नागपूरला माहेरी धुणंभांडी करणाऱ्या बाईचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा असायचा. तो तिथे का असतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं. हाताला तेवढं माहीत होतं. जेवण झाल्यावर तिने ती प्लेट वेगळी घासली, पुसली आणि परत खोक्यात ठेवली. ती वेळ धरून मिस अर्नेस्टीन एकूण अकरा वेळा जेवायला आल्या. अकराही वेळा प्लेट गॅरेजमधून आली आणि गॅरेजमध्ये गेली.

मिस अर्नेस्टीन कॅफेतूनच चर्चच्या कामाला गेल्या. परतताना गाडीत सिया म्हणाली, "शी थिंक्स इट्स अ‍ॅन ऑनर, आई."

"मग काय बिघडलं? तिला छान वाटतंय ना."

"आपण तसं का करतो?"

"आपण व्हेज आहोत. नॉनव्हेज खाणाऱ्यांची भांडी वेगळी ठेवतात, सिंपल आहे."

"पण तिने त्या प्लेटमध्ये फक्त तुझा वरण-भात खाल्लाय."

नीलांबरीने सिग्नलकडे पाहिलं. तो हिरवा होता आणि मागची गाडी हॉर्न देत होती.

"अँड बाबाचा मॅनेजर," सिया म्हणाली. "नोव्हेंबरमध्ये. त्याच्यासाठी बाहेरून चिकन आणलं होतं. इन द गुड चायना. मी टेबल लावलं होतं, आई. आय रिमेंबर."

हे खरं होतं. मोरेश्वरचा मॅनेजर आणि त्याची बायको आले होते. दोघेही गोरे. नीलांबरीच्या लग्नातला सोनेरी काठाचा सेट शोकेसमधून निघाला होता. चिकन त्यातच वाढलं गेलं, आणि नंतर तो सेट गरम पाण्याने धुऊन परत शोकेसमध्ये गेला होता. वेगळ्या खोक्याचा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनात आला नव्हता.

तेवीस तारखेच्या रविवारी मिस अर्नेस्टीनने तिघांना जेवायला बोलावलं. चर्चचा जांभळा ड्रेस त्यांनी बदलला नव्हता, त्यावरच अ‍ॅप्रन चढवला होता. टेबलावर इस्त्री केलेलं पांढरं कापड, त्यावर फिकट निळ्या फुलांच्या पातळ प्लेट्स, तशाच वाट्या, तशीच सॉसची सुरई. चवळी, कोलार्ड या कोबीच्या जातीतल्या भाजीचा पाला, मॅकरोनी, लोणच्यातले बीट आणि मधोमध बिडाच्या तव्यातला कॉर्नब्रेड. तव्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला होता.

"दोरा कशाला?" मोरेश्वरने विचारलं.

"तो मिस नीलाचा तवा आहे. माझ्या जुन्या तव्यात चाळीस वर्षांची डुकराची चरबी मुरली आहे, तो धुऊन काय उपयोग? म्हणून तुमच्यासाठी नवीन घेतला. गेल्या महिन्यात माझा मुलगा आला होता, त्याने त्यात बेकन टाकायला घेतलं. मी म्हटलं, हात लावलास तर घराबाहेर झोपशील."

मोरेश्वर मोठ्याने हसला. नीलांबरीने पाला वाढून घेतला. व्हिनेगर, मिरची, लसूण. आपल्या आईची चवळीच्या पानांची भाजी अशीच लागायची, असं ती म्हणाली. ते खरं होतं आणि त्या दिवशी तिने मोकळेपणाने बोललेलं ते शेवटचं वाक्य ठरलं.

कारण मोरेश्वरने मग प्लेट्सचं कौतुक केलं.

"माझ्या आईच्या," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "एकेक करून जमवल्या तिने. ती एका कुटुंबाकडे स्वयंपाक करायची, एकोणीस वर्षं. त्यांचं सगळं जेवण तिच्या हातचं. बिस्किटाचं पीठ तिच्या हाताने मळलेलं. पण ती जेवायची ते तिच्या वेगळ्या ताटलीत. पत्र्याची, कडेला चीर गेलेली. मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेली असायची. मी नऊ वर्षांची असताना एकदा त्यात जेवले. मला वाटलं, आईची स्वतःची खास ताटली आहे. मी केवढी खूश झाले होते." त्यांनी मॅकरोनीचा डाव सियाकडे सरकवला. "घे अजून, बेबी. आईने नंतर सांगितलं ती काय होती ते. तिने हा सेट जमवला तेव्हा म्हणाली, माझ्या टेबलावर कोणाचीही वेगळी प्लेट नसेल. पाद्री येवो नाहीतर गवत कापणारा. म्हणून मिस नीलाकडे पहिल्यांदा गेले ना, आणि तिने माझ्यासाठी चांगली प्लेट काढली, तेव्हा मी घरी येऊन आईच्या फोटोला सांगितलं. म्हटलं, मॉमा, बघ."

सियाने मान खाली घातली. नीलांबरीने थंड गोड चहाचा ग्लास उचलला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

घरी आल्यावर तिने मोरेश्वरला सगळं सांगितलं. प्लेट गॅरेजमधून येते हे त्याने अकराही वेळा पाहिलं होतं, त्याविषयी मात्र दोघं कधी बोलले नव्हते.

"अगं, फेकून दे तो खोका. विषय संपला," तो म्हणाला.

"आणि पुढच्या रविवारी पाडवा आहे. ती येणार आहे. तिला कशात वाढू?"

"स्टीलच्या ताटात. आपल्यासारखंच."

"ती विचारेल, माझी प्लेट कुठे? काय सांगू? फुटली? सहाच्या सहा?"

"मग त्याच प्लेटमध्ये वाढ. तिला आनंद होतोय, यार. सांगून काय मिळणार? उगाच म्हातारीचं मन दुखवायचं."

"तिचं मन दुखेल म्हणून गप्प राहत नाहीस तू," नीलांबरी म्हणाली. "मीही नाही."

मोरेश्वर लॅपटॉप उघडून बसला.

शनिवारी तिने खोका घरात आणला. सहाही प्लेट्स घासल्या आणि स्टीलच्या ताटांशेजारी मांडणीत उभ्या केल्या. पाडव्याला सगळ्यांनी त्यांतच जेवायचं, असं तिने ठरवलं. एवढ्याने भागेल, असं तिला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

रविवारी एक वाजता मिस अर्नेस्टीन आल्या. बाल्कनीतल्या गुढीकडे बघून म्हणाल्या, "या वर्षी साडी जास्त चांगली आहे." त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवून उलगडलं. दोन प्लेट्स. काटेरी पानं, लाल फळं.

"जुन्या वस्तूंच्या चार बाजारांत फिरले," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे सहा आहेत म्हणाली होतीस. सहाचा सेट बरा दिसत नाही. आठ हव्यात. आता तुम्हीही माझ्याबरोबर याच प्लेटमध्ये जेवा." मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. चारही जागी तीच नक्षी होती. "अरे! तू आधीच मांडल्या आहेस."

नीलांबरीने पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, श्रीखंड वाढलं. सगळे बसले. मिस अर्नेस्टीनने डोळे मिटून प्रार्थना केली आणि पहिला घास घेतला. नीलांबरी उभीच होती.

"मिस अर्नेस्टीन, मला एक सांगायचं आहे."

"बस आधी, हनी. पुरी निवते."

"या चांगल्या प्लेट्स नाहीत. या गॅरेजमध्ये ठेवलेल्या होत्या. चार वर्षं. तुम्ही जेवलात की मी तुमची प्लेट वेगळी धुऊन परत तिथेच ठेवायचे. आमच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून."

मोरेश्वरने आपल्या प्लेटकडे पाहिलं.

"मी मांस खाते म्हणून," मिस अर्नेस्टीन सावकाश म्हणाल्या. ते विचारणं होतं, आणि त्यातून सुटायला जागाही होती.

"नाही," नीलांबरी म्हणाली. "याच्या मॅनेजरने चिकन खाल्लं, ते आमच्या चांगल्या सेटमध्ये."

मिस अर्नेस्टीन सियाकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"येस, मॅम," सिया म्हणाली. तिला रडू आलं.

मिस अर्नेस्टीनने पुढची पुरी तोडली. भाजी खाल्ली, कोशिंबीर खाल्ली, श्रीखंड बोटाने पुसून खाल्लं. पानात काही टाकायचं नाही ही सवय शाळेच्या स्वयंपाकघरातली, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. मग त्या उठल्या, आणलेल्या दोन प्लेट्स परत वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि काखेत घेतल्या.

"या मी नेते," त्या म्हणाल्या.

नीलांबरीने दारापर्यंत जाऊन श्रीखंडाचा स्टीलचा डबा पुढे केला. नेहमीचा. या दोन घरांत चार वर्षं भांडी जात-येत होती आणि कुठलंच रिकामं परत गेलं नव्हतं. मिस अर्नेस्टीनच्या आईचीही तीच शिकवण होती, नीलांबरीच्या आईचीही. यावर दोघी पहिल्याच महिन्यात खूप हसल्या होत्या. मिस अर्नेस्टीनने डबा घेतला. थँक यू म्हणाल्या, अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

मंगळवारी सकाळी डबा पायरीवर होता. धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेलं. नीलांबरीने तो उचलला आणि वजनावरूनच तिला कळलं. तरी तिने उघडून पाहिला.

"विसरल्या असतील," मोरेश्वर म्हणाला.

नीलांबरीने डबा तसाच हातात घेतला आणि कुंपणाला वळसा घालून शेजारच्या दारावर गेली. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने मिस अर्नेस्टीन आल्या. जाळीचं दार त्यांनी उघडलं नाही. त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, लाल दोऱ्याचा तवा अजून टांगलेला होता.

"मी काही आणलेलं नाही," नीलांबरी म्हणाली. "माफीही मागता येत नाहीये मला. कशी मागू ते कळत नाही."

"मग नको मागूस," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "मला रविवारपासून राग आहे आणि तो मला अजून थोडे दिवस ठेवायचा आहे. आईच्या फोटोला काय सांगायचं तेही ठरत नाहीये."

"हो."

"तुझ्या टेबलावर मी इतक्यात बसणार नाही. माझ्या टेबलावर तुला बोलावणारही नाही."

"हो."

नीलांबरी वळली. दोन पायऱ्या उतरली.

"शनिवारी साडेअकराला मी कॅफेत असेन," मागून आवाज आला. "तुला यायचं तर ये. तिथे सगळ्यांना एकच प्लेट असते."

जाळीमागचं लाकडी दार बंद झालं. नीलांबरी रिकामा डबा छातीशी धरून अंगणात थोडा वेळ उभी राहिली. समोरच्या फुटपाथवरून कुत्रं घेऊन चाललेल्या माणसाने हात हलवला. तिने हात हलवला नाही.

शनिवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती कॅफेत पोचली. वेट्रेसने विचारलं, "एकट्याच? तुमच्या मिस अर्नेस्टीन कुठे आहेत?" नीलांबरीने दोन जागा मागितल्या आणि दाराकडे तोंड करून बसली.