शेवटच्या रांगेतले आठ मासे

हस्निताने तबकडीला टिचकी मारली आणि शेवटच्या रांगेतली आठच्या आठ पिल्लं सुर्रकन पळाली.

तिने पुन्हा टिचकी मारली. पुन्हा पळाली! जोहोरच्या त्या प्रयोगशाळेत दीड वर्ष ती हेच करत होती. भाताच्या कणीएवढी पट्टेरी माशांची पिल्लं, जन्मतःच नसा वाळत चाललेली. तबकडीच्या खळग्यांत एकेक सोडायचं, पाण्यात नवं औषध घालायचं आणि टिचकी मारायची. धडधाकट पिल्लू पळतं. ही बापडी तळाशी पडून राहतात. दोनशे बारा औषधं झाली, सगळी फुकट. आणि हे दोनशे तेरावं!

"उद्या बैठकीत मांडू," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर तेहबाई म्हणाल्या. "मग उंदरांवर."

आनंद काही पोटात मावेना. दुपारच्या सुट्टीत ती धावतच घरी आली. तिचा थोरला भाऊ रझलानदादा ओट्यावर बसला होता. त्याला तोच आजार. वीस वर्षं शोभेच्या माशांची तळी सांभाळलेला माणूस, आता चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचा, तरी सांडायचाच.

"दादा, पळाली रे! आठही!" सांगता सांगता तिला रडूच फुटलं.

"रडतेस काय, वेडे? मासे पळाले, मी नाही," तो हसला, पण त्याचेही डोळे भरले. मग त्याच्यातला तळ्यावरचा माणूस जागा झाला. "कुठल्या रांगेतली?"

"शेवटच्या. पहिली रांग बिनऔषधाची, मग वाढवत वाढवत शेवटी सगळ्यात कडक. नेहमी तशीच लावते मी."

"आणि शेवटच्या रांगेशेजारी काय आहे?"

"कॅमेऱ्याच्या दिव्याचं खोकं. परवाच नवं बसवलंय."

"तापतं?"

"तापतं," हस्निता पुटपुटली.

"हस्ने, ऊन चढलं की काठाचे मरतुकडे मासेही उड्या मारतात. तबकडी फिरवून दुसरं टोक खोक्याकडे करून बघ."

"नको ना रे दादा."

"मग काय, मला खोटं औषध पाजणार? ऊठ, जा!"

ती गेली. नवी पिल्लं घेतली, आणि या खेपेला बिनऔषधाची रांग खोक्याकडे ठेवली. टिचकी मारली. औषधातली तळाशीच पडून राहिली. बिनऔषधाची मात्र पळत सुटली. तिने त्या मेल्या दिव्याला तोंडभर शिव्या घातल्या आणि तेहबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, उद्या काही मांडू नका. माझीच चूक झाली."

संध्याकाळी तिचा चेहरा पाहूनच दादाला सगळं कळलं. त्याने पेला उचलला. अर्धा चहा नेसलेल्या सारोंगवर सांडला.

"किती औषधं उरलीत?"

"नऊशे."

"मग ते खोकं दुसऱ्या टेबलावर हलव, आणि उद्यापासून लवकर जात जा. तेवढा वेळ टिकायचं काम माझं. तू मासे बघ."