हिरव्याच्या अलीकडे

"अंडं," मुंगी म्हणाली.

"आल्यावर."

"आत्ता अंडं."

मुंगीची आई मुलीच्या अंगात गेल्या वर्षीचा फ्रॉक घालत होती आणि तो खांद्यापाशी अडकला होता. तिने मुलीचे हात एकेक करून बाहेर ओढले. मागचे बटण काजापर्यंत पोचेना, तेव्हा ते तसेच उघडे सोडले.

सासू दारात बसून बघत होती. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. दुसऱ्याने मात्र तिला अजून सुईत दोरा ओवता येई.

"दोन चांगले फ्रॉक आहेत पोरीला. हाच का कोंबतेस?"

"असू दे हो आई."

"असू दे काय? काल रात्री अर्धीच वाटी भात दिलास तिला. मागत होती तर पाणी पाजून झोपवलंस. मला एका डोळ्याने दिसतं, पण दिसतं."

"आज माप आहे."

"माप आहे म्हणून तर चारतात लेकरांना. सगळ्या आया सकाळपासून भरवत बसल्या असतील."

"सगळ्यांना पैसे येत नाहीत, आई."

सासू हळू आवाजात म्हणाली, "ते उकडलेलं अंडं पिशवीत टाकलंयस ना? ते सोलायची अक्कल वेळेवर येऊ दे म्हणजे झालं."

मुंगीच्या आईने मुलीला कडेवर घेतले, पिशवी खांद्याला अडकवली आणि ती बाहेर पडली.

चौदा महिन्यांपूर्वी याच रस्त्याने ती मुंगीला घेऊन गेली होती. तेव्हा मुंगी दीड वर्षाची होती आणि तिचे वजन सात किलो नऊशे ग्रॅम होते. नर्सबाईंनी तिच्या डाव्या दंडाभोवती कागदासारखी पातळ पट्टी गुंडाळली होती. पट्टीवर आधी लाल, मग पिवळा आणि साडेबारा सेंटिमीटरपासून पुढे हिरवा रंग होता. मुंगीचा दंड अकरा पूर्णांक आठवर थांबला. पिवळा. नर्सबाईंनी नाव लिहून घेतले, अंगठा घेतला, बरेच काही सांगितले. त्यातले एवढेच तिच्या लक्षात राहिले, की दर महिन्याच्या सात तारखेला खात्यात पैसे येतील.

ते खरोखर आले. रक्कम मोठी नव्हती. पोल्ट्रीवरच्या तिच्या नऊ दिवसांच्या रोजाइतकी. तिथे ती बल्बसमोर अंडी धरून चिरलेली आणि चांगली वेगळी करायची. अंडी कमी आली, की सुपरवायझर बायकांना घरी पाठवायचा, आणि कोणत्या दिवशी पाठवेल याचा नेम नसायचा. नवरा रस्त्याच्या कामावर होता, मोठ्या दिरांबरोबर. दोघे महिन्यातून दोनदा घरी येत. त्यांची मजुरी ठेकेदाराच्या लहरीवर. घरात येणाऱ्या सगळ्या पैशांत तारीख पाळणारे असे हेच. तिसऱ्या महिन्यात तिने शेड धुण्याची रात्रपाळी सोडली. पाचव्या महिन्यात दुकानदाराने तिला पहिल्यांदा तांदळाचे पोते हवे का, असे विचारले, आणि तेव्हापासून रोजच्या अर्ध्या किलोचा चढा भाव तिला द्यावा लागला नाही. पोल्ट्रीवरची, केसाएवढी चीर गेलेली अंडी ती आठवड्याला दहा विकत घेऊ लागली. ती लवकर खराब होतात, म्हणून दहाच. मुंगी दिवसातून दोनदा जेवायची, ती चारदा जेवू लागली.

आणि गेल्या महिन्यात जाऊबाईंचे पैसे बंद झाले.

त्यांच्या ठमीचे नाव मुंगीच्याही आधी लागले होते. जाऊबाई पोल्ट्रीच्या फाटकापाशी तिला गाठून म्हणाल्या होत्या, "माझं चुकलं काय, सांग. पोरीला खाऊ घातलं, एवढंच ना? मागच्या मापाला ठमी हिरव्यावर गेली, आणि या महिन्याला खात्यात भोपळा."

"पण हिरव्यामुळेच, असं कुणी म्हणालं का?"

"म्हणायला कशाला हवं कुणी? तुझी मुंगी पिवळ्यात, तुझे चालू. माझी हिरव्यात, माझे बंद. मी काही शिकलेली नाही गं, पण एवढं कळतं मला. तू आपली आधीपासून हात आखडता घे. फार नको. जरासं पिवळ्यात राहू दे."

जरासं पिवळ्यात. मागच्या मापाला मुंगीचा दंड बारा पूर्णांक चार होता. गेल्या तीन महिन्यांत तिची आई रोज रात्री, मुलगी झोपली, की अंगठा आणि तर्जनीच्या कडीत तिचा दंड धरून बघत असे. पूर्वी बोटांची टोके एकमेकांवर जात. आता त्यांच्यामध्ये फट पडत होती. सुरुवातीला तिला त्या फटीचा आनंद व्हायचा. गेला महिनाभर तिला त्या फटीची भीती वाटत होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचा नंबर एकवीस होता. नर्सबाई नऊला येणार होत्या. साडेदहा वाजले तरी टेबलावर वजनकाटा एकटाच होता. वरचा पत्रा तापत चालला होता. मुंगी आधी रडली, मग कुरकुरली, मग पिशवीत हात घालू लागली. आईने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

शेजारी काळ्या छत्रीवाली एक बाई बसली होती. मांडीवर गुटगुटीत नातू आणि हातात बिस्किटांचा पुडा. तिने एक बिस्कीट मुंगीपुढे धरले.

"नको," मुंगीची आई म्हणाली. "पोट बिघडलंय तिचं."

"पोट बिघडलेलं पोर बिस्किटाकडे असं बघत नाही हो."

"नको म्हणते ना."

छत्रीवालीने हात मागे घेतला. "बरं बाई. तुझं लेकरू."

अकरा वाजता नर्सबाई आल्या. गाडी वाटेत बंद पडली होती. घामाने डबडबलेल्या चेहऱ्यानेच त्यांनी रजिस्टर उघडले आणि पुकारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. प्रत्येकाला चार-पाच मिनिटे लागत होती. मुंगीच्या आईने मनातल्या मनात गुणाकार केला आणि तो परत केला. अजून सव्वा तास तरी.

बाराच्या सुमारास तिच्या लक्षात आले, की मुंगीने बराच वेळ काही मागितलेले नाही.

ती आईच्या दंडावर मान टाकून होती. डोळे उघडे होते. एक माशी तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर येऊन बसली, चालत वरच्या ओठावर गेली, आणि मुंगीने ती हाकलली नाही.

चौदा महिन्यांपूर्वी ती अशीच होती. त्या वेळी सासूच म्हणाली होती, "रडत का नाही गं ही? हिला दाखवून आण."

"अठरा," आतून आवाज आला.

फक्त तीन उरले होते. पंधरा मिनिटे. पंधरा मिनिटे थांबले, तर कदाचित काट्यावर शंभरेक ग्रॅम कमी भरले असते. मुंगीच्या आईने माशी हाकलली. ती परत आली. मुंगीची पापणी लवली, पण हात उचलला नाही.

तिने पिशवी उघडली. अंडे बाकाच्या कडेवर आपटले. रोज हजार अंडी हाताळणाऱ्या तिच्या बोटांना आज टरफल सुटे करता येईना. एक तुकडा पांढऱ्यात रुतला, तो नखाने काढावा लागला. तिने चिमूटभर तुकडा मुंगीच्या तोंडात घातला. मुंगीने तो तसाच धरून ठेवला.

"चाव," आई म्हणाली. "चाव गं, माझे बाई."

छत्रीवालीने पाण्याची बाटली पुढे केली. मुंगी एक घोट प्यायली. मग चावली. दुसऱ्या घासाला तिने तोंड उघडले आणि पिवळा भाग दिसल्यावर स्वतःच हात पुढे केला.

"पोट बरं झालेलं दिसतंय," छत्रीवाली म्हणाली, आणि बिस्किटाचा पुडा दोघींच्या मधे ठेवून दुसरीकडे बघू लागली.

"एकवीस."

काटा दहा किलो सहाशेवर थांबला. नर्सबाईंनी मुंगीचा डावा हात कोपरात वाकवला, खांद्यापासून कोपरापर्यंतचे अंतर मोजले, मधोमध पेनाने ठिपका दिला, हात सैल सोडला आणि पट्टी गुंडाळली. मुंगीच्या आईला आकडे दिसत नव्हते. पट्टीच्या खाचेतला रंग दिसत होता.

"बारा पूर्णांक नऊ," नर्सबाई म्हणाल्या आणि लिहिले. मग मान वर न करता, "काल रात्रीपासून काय काय खाल्लं?"

या प्रश्नाचे उत्तर तिने येताना चारदा घोकले होते. भाताचं पाणी, बाई. दुसरं काही नसतं घरात.

"रात्री अर्धी वाटी भात," ती म्हणाली. "मागत होती, पण दिला नाही. सकाळी काही नाही. आत्ता रांगेत एक अंडं."

नर्सबाईंनी पेन खाली ठेवले. "दिला नाही म्हणजे?"

"मुद्दाम. पिवळ्यात यावी म्हणून."

मागे रांगेत कोणीतरी बोलत होते, ते थांबले.

"एरवी चारदा जेवते," ती म्हणाली. आवाज चढला होता, तिला तो खाली आणता येईना. "रोज एक अंडं देते. तांदूळ पोत्याने घेते. रात्रपाळी सोडली मी, म्हणून तिला भरवायला घरी असते. हे सगळं तुमच्या पैशांवर. लिहून घ्या. आणि नाव कापायचं असेल तर कापा, पण असं पुन्हा माझ्याच्याने होणार नाही."

नर्सबाई रागावतील असे वाटले होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसता थकवा होता.

"एका जेवणाने दंड कमी होत नाही," त्या म्हणाल्या. "काटा हलतो थोडा. दंड कमी व्हायला आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवावं लागतं. कोणी सांगितलं तुला हे?"

"जाऊबाईंचे बंद झाले. ठमी हिरव्यावर गेली म्हणून."

नर्सबाईंनी रजिस्टरची पाने मागे उलटली. बोट एका ओळीवर थांबले. "ठमी गेल्या महिन्यात तीन वर्षांची झाली. तीन पूर्ण झाली, की पैसे थांबतात. रंगाचा संबंध नाही."

"हिरवी असली तरी?"

"हिरवी, पिवळी, कशीही असो. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते मी. तुलाही सांगितलं होतं. त्या दिवशी तू माझ्याकडे बघत होतीस, पण ऐकत नव्हतीस."

ते खरे असावे. "मग हिला कधी तीन?"

"अजून चार महिने." नर्सबाईंनी मुंगीचे कार्ड घेतले, पुढच्या चार चौकोनांवर तारखा घातल्या आणि चौथ्याच्या खाली फूटपट्टीने रेघ मारली. "तोवर मोठी होईल ती."

"मोठी झाली, की जास्त खाते, बाई."

नर्सबाई रजिस्टर मिटता मिटता पुन्हा ठमीच्या ओळीशी थांबल्या. "तुझ्या जावेला विचार जरा. गेल्या आठवड्यात आणलं होतं तिने ठमीला. पैसे नसले तरी माप घेतो आम्ही. एका महिन्यात आठशे ग्रॅम घटलीय. जुलाब वगैरे झाले होते का?"

मुंगीची आई उठून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "जुलाब नाही."

बाहेर छत्रीवालीने विचारले, "काय लागलं गं?" मुंगीची आई न थांबता पुढे गेली. घरी जायचा रस्ता उजवीकडे होता. ती डावीकडे, जाऊबाईंच्या घराकडे वळली. चार महिन्यांचा विचार मधूनच येत होता. रात्रपाळीची जागा आता दुसरीला दिली असेल, सुपरवायझरला आजच विचारून ठेवावे लागेल. पण पाय त्या विचाराच्या पुढे चालत होते.

जाऊबाई ओट्यावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ठमी पायरीवर होती. हातात काडी होती, पण ती मातीत काही काढत नव्हती.

"काय लागलं?" जाऊबाईंनी विचारले.

"हिरवी."

"मग बस आता माझ्याशेजारी."

"जाऊबाई, रंगामुळे नाही बंद झाले. ठमी तीन वर्षांची झाली, म्हणून झाले. तीन झाली, की थांबतातच. नर्सबाईंनी रजिस्टरात दाखवलं."

जाऊबाई घडी घालत राहिल्या. शर्टाची एक बाही आत घेतली, दुसरी घेतली, मग दोन्ही पुन्हा उघडल्या.

"म्हणजे आता पुन्हा पिवळी झाली असती, तरी..."

"नाही."

"नक्की सांगितलं त्यांनी?"

"नक्की."

जाऊबाईंनी शर्ट बाजूला ठेवला. "आत ये," त्या म्हणाल्या. "उन्हात उभी राहू नकोस पोरीला घेऊन." मग आत जाता जाता, पाठ वळवूनच, "कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार."

पातेल्यात सकाळचा भात होता. जाऊबाईंनी तो गरम करायला ठेवला आणि झाकण हातात धरूनच उभ्या राहिल्या. भात लागायला आल्यावर त्यांनी पातेले उतरवले. मोठ्या वाटीत काठोकाठ भरला, वर तेलाची धार सोडली, मीठ घातले, आणि वाटी ठमीपुढे ठेवली.

ठमी खायला बसली. भराभरा, दोन्ही हातांनी. वाटी अर्धी झाली, तशी ती थांबली. बोटे चाटून स्वच्छ केली, वाटी दूर सरकवली आणि आईकडे बघू लागली.

"खा गं," जाऊबाई म्हणाल्या. "सगळं तुझंच आहे."

त्यांनी वाटी पुन्हा तिच्याजवळ सरकवली. ठमी वाटीकडे बघत राहिली, हात मांडीवर ठेवून.