मंजूचा बोर्ड

वडगावच्या विणकर गल्लीत साईनाथची बॅटरीवरची गाडी सगळ्यांना माहीत होती. तिच्या पोटात बहिणीच्या हातचा एक सर्किट बोर्ड आहे आणि तो नसेल तर गाडी जागची हलणार नाही, हे गल्लीला कळलं ते गाडीनं मंगलमावशीचा पाय मोडला तेव्हा.

मंजुश्रीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ती चांगली रुळलीही होती. पण थोरल्या भावाच्या, साईनाथच्या डोक्यात गाड्यांचं खूळ शिरलं आणि आप्पांनी तिला नोकरी सोडायला लावली. "भाईर कुणासाठी राबालीस? घरचंच कर की," एवढंच ते म्हणाले. आप्पा म्हणजे तिचे वडील, महादेवराव. घरचे माग चालवून शिवाय गल्लीतल्या बायकांना सूत देऊन साड्या विणून घेणारे. त्यांचा शब्द घरातच काय, गल्लीतही सहसा कोणी खाली पडू देत नसे.

साईनाथ भंगारातून जुन्या फोर्कलिफ्टच्या मोटारी आणायचा आणि मोडक्या मालरिक्षांच्या सांगाड्यात बसवायचा. बॅटरी आणि मोटार यांच्या मध्ये जाडजूड ट्रान्झिस्टर लागतात. त्यांची उघडझाप जितकी नेमकी, तितकी गाडी गुमान चालते. ती उघडझाप करवणारा तळहाताएवढा बोर्ड मंजुश्री करायची. तांब्याच्या पट्टीवर रेषा उमटवायची, द्रावणात धुवायची, भोकं पाडायची आणि एकेक बारका भाग सोल्डर करून बसवायची. निपाणीचा एक मेकॅनिक तंबाखूच्या गाठी वाहायला अशीच गाडी करत होता, खानापूरकडचे दोघे होते. त्यांनाही बोर्ड एसटीनं जायचे. फोन मात्र साईनाथच्या नंबरावर यायचे, आणि "बोर्ड लई झ्याक केलाईस गड्या," हे कौतुकही त्यालाच.

त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण काम तिला आवडायचं.

त्या बोर्डात तिनं एक सोय ठेवली होती. ट्रान्झिस्टर जळाला की तो बहुतेक वेळा चालू अवस्थेतच चिकटून बसतो. मग पेडलवरचा पाय काढला तरी बॅटरीची सगळी ताकद मोटारीत जातच राहते आणि गाडी सुसाट सुटते. म्हणून ट्रान्झिस्टरला ताण सोसवेनासा झाला की बोर्ड त्याला आधीच बंद करायचा. गाडी उभी राहायची. थोडं थांबून पुन्हा चालू केली की निघायची.

लगीनसराई आली तशी अडचण सुरू झाली. आप्पा स्वतः गाडी चालवत साड्यांचे गठ्ठे आणि सुताची बीमं, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, शहापूरच्या दुकानांकडे पोचवायचे. भरल्या गाडीनं उड्डाणपुलाचा चढ घेतला की ती मध्येच बसायची. मागून हॉर्न वाजायचे, ओळखीचे लोक हसत पुढं जायचे. घरी आल्यावर आप्पांचा आवाज चढायचा.

"लगीनघरात नवरदेव रुसून बसावा तशी बसालीया ती. काढून टाक ते थांबायचं."

"आप्पा, ते काढायचं न्हाय. ट्रान्झिस्टर कमी पडाल्यात. जादाचे मागवल्यात, आले की बसवूया. तवर माल निम्मा न्या."

"निम्मा नेऊन कसं चालंल? मागावर बी धागा तुटला की माग थांबायची सोय आस्ती. मी सगळ्या मागांची बांधून ठेवलीया. काय बिघडलं आजवर?"

"मागावर धागा तुटतोय आप्पा. हितं माणूस मरंल."

आप्पा हात धुवायला उठले.

पुढच्या आठवड्यात गाडी थांबायची बंद झाली. चढ सुरळीत पार होऊ लागला. मंजुश्रीला वाटलं, आप्पांनी ऐकलं, माल कमी न्यायला लागले. मनातल्या मनात तिला थोडा अभिमानही वाटला.

मंगलमावशी समोरच्याच घरात राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन नंदगडला होती. खड्ड्यातल्या हातमागावर ती अजून साडी विणायची, सूत आप्पांचंच. त्या दिवशी दुपारी ती आपल्या कट्ट्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. आप्पा माल भरून निघाले, गल्लीच्या वळणाला गाडी हळू करायला त्यांनी पाय उचलला आणि गाडी हळू व्हायच्या ऐवजी उसळली. ब्रेक दाबला तो पुरला नाही. घाबरलेल्या माणसाला किल्ली सापडली नाही. गाडी कट्ट्यावर जाऊन आदळली आणि मंगलमावशीचा उजवा गुडघा गाडी आणि कट्टा यांच्यामध्ये सापडला.

गाडीला ना नंबर ना कागद. म्हणून दवाखान्यात 'कट्ट्यावरून पडली' असं सांगायचं गल्लीनं तिथल्या तिथं ठरवलं. मंगलमावशी कण्हत होती, तिला कोणी विचारलं नाही.

घरी आणलेल्या गाडीचा कंट्रोलर, म्हणजे बोर्ड आणि ट्रान्झिस्टरची पेटी, मंजुश्रीनं उघडला तेव्हा जळक्याचा वास भपकन आला. ट्रान्झिस्टर फुटले होते. बोर्ड काळवंडला होता तरी ओळखू येत होता. ताण ओळखणाऱ्या भागाच्या दोन पायांवर एक तांबडी वायर आडवी जोडलेली होती. बोर्डाला ताण कधी कळूच नये, अशी. सोल्डरचा गोळा बोराएवढा. इतकं गबाळं काम घरात एकाच माणसाचं होतं.

"अण्णा, ही तू जोडलीस?"

साईनाथ पायाचा अंगठा घासत राहिला. "आप्पांनी सांगितलं. रोज शिव्या कोण खाणार?"

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तू नको म्हणली असतीस."

संध्याकाळी गल्लीतले वडीलधारे घरी जमले. मंजुश्री आतल्या दारात उभी होती. आप्पा गादीवर बसले होते, चेहरा उतरलेला. त्यांना खरंच धक्का बसला होता, हे तिला दिसत होतं. म्हणून ते काय बोलतील याची तिला धास्ती नव्हती.

"काय सांगायचं," आप्पा म्हणाले, "पोरीनं केलेला बोर्ड. शिकली खरी, पर आपला आनभव कच्चा. जळाला. दवाखान्याचं सगळं आम्ही बघतो."

मंजुश्री आत गेली, बोर्ड घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवला. तिनं सगळं सांगितलं. सोय कशासाठी होती, वायर कुणी जोडली, कुणाच्या सांगण्यावरून. साईनाथ भिंतीकडं बघत होता. आप्पांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

शेवटी एक म्हातारे खाकरले. "पोरी, तू म्हणतीस तसंच आसंल. पर आता वायर कुणाची ते शोधून मंगलचा गुडघा जुळणार हाय व्हय? घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

चहा आला. लोक चहा पिऊन गेले.

आई, चंद्राबाई, स्वयंपाकघरात तिला म्हणाली, "साईनाथला बघायला निपाणीची माणसं येणार हैत. गाड्यांचा धंदा हाय म्हणून तर येणार. त्याचं नाव गेलं तर घराचं गेलं. तू काय, उद्या सासरी जाशील. तितं कोण इचारतंय बोर्डाचं?"

"आई, मी चुकलो न्हाय."

"न्हाय चुकलीस," चंद्राबाई म्हणाली आणि भाकरी उलटली. "कोण म्हणतंय चुकलीस म्हणून?"

लोक मात्र म्हणतच होते. खरं काय ते गल्लीत प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी सांगताना 'मंजूचा बोर्ड जळाला' असंच सांगितलं जायचं. तेवढं सांगायला सोपं होतं. निपाणीच्या मेकॅनिकनं राहिलेले बोर्ड परत पाठवले. साईनाथनं बाहेरून तयार बोर्ड मागवायला सुरुवात केली. त्यात ती सोय नव्हती, गाड्या चढावर थांबत नव्हत्या, गिऱ्हाईक खूश होतं. त्याचं लग्न ठरलं.

मंजुश्री पुन्हा उद्यमबागेत कामाला लागली. आप्पांनी या खेपेला अडवलं नाही.

मंगलमावशी दवाखान्यातून घरी आली तरी मंजुश्री कितीतरी दिवस तिच्याकडं गेली नाही. एका रविवारी गेली. मावशी भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढं ताठ पसरलेला. माग तसाच खड्ड्यावर उभा होता, अर्ध्या साडीसकट. मागाच्या पायाखालच्या पावड्या दाबायला तो गुडघा आता वाकणार नव्हता. आप्पांनी तिला कांड्या भरायचं काम दिलं होतं.

"मावशी, ती वायर मी जोडली न्हवती."

"म्हाईत हाय," मावशी कांडी फिरवत म्हणाली. "तू समद्यांम्होरं सांगितलंस ते मला दवाखान्यातच कळलं."

"मग तू माझ्याशी बोलत का न्हाईस? आप्पा आले की त्यांना चहा देतीस. अण्णाच्या लग्नाला जाणार म्हणतीस."

मावशीनं हातातला धागा दातानं तोडला.

"तुझ्या आप्पाचं सूत आलं तर माझी चूल पेटती गं. त्याच्यावर राग धरून मी काय खाऊ? आणि राग तर येतोय. रोज सकाळी ह्यो पाय भुईला टेकवला की येतोय. कुणावर तरी काढाय पायजे." तिनं दुसरी कांडी उचलली. "तुझ्यावर काढला तर माझं काय जात न्हाय. म्हणून तुझ्यावर काढतो."

ते ती अगदी शांतपणे म्हणाली, बाजारभाव सांगावा तसं. मंजुश्रीला वाटलं, या साऱ्या गल्लीत आपल्याशी खरं बोललेलं हे पहिलंच माणूस. आणि त्या खऱ्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

ती थोडा वेळ तिथंच बसून राहिली. समोरच्या घरात साईनाथ नव्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवत होता. मोटारीचा चढता आवाज इथपर्यंत येत होता.

"जा आता," मावशी म्हणाली. "आणि परत येऊ नकोस. तू आलीस की मला तुझी दया येती, मग दिस सगळा जड जातोय."

मंजुश्री उठली आणि घरी गेली. त्यानंतर ती त्या घराकडं फिरकली नाही, आणि मंगलमावशीनंही तिला कधी हाक मारली नाही.