हौसाबाईंची तारली

दीपाली मूळची सांगलीकडची. सावर्ड्याजवळच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाली, तेव्हा तिला तारली आणि बांगडा यांतला फरकही कळत नव्हता. सांधेदुखीच्या बायका रोज यायच्या, म्हणून सूज उतरायला काय खाल्ल्याने मदत होते, ते तिने इंटरनेटवरून मन लावून उतरवून घेतलं. सामन मासा, अक्रोड, ऑलिव्हचं तेल.

जमलेल्या बायकांना तिने कागद वाचून दाखवला, त्या दिवशी साठी उलटलेल्या हौसाबाई गुडघे धरत पाखाडीच्या पायऱ्या चढून आल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "शिस्टर, ह्यो सामन मासा कुठल्या बंदराला लागतो गो?"

बायका खो-खो हसल्या. दीपालीचा चेहरा पडला. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. "त्या माशात असं काय हाय, ते सांग."

"त्याच्या अंगात तेल असतं, मावशी. त्या तेलाने सूज कमी व्हायला मदत होते."

"मग तेल आमच्या तारलीला पण हाय की!"

दीपालीने तिथूनच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "बांगडाही चालेल. फक्त सांधेदुखीच्या गोळ्या सोडू नका म्हणावं."

हौसाबाईंनी ते मनावरच घेतलं. बाजारात बायकांना पापलेटपासून ओढून तारलीच्या पाटीकडे न्यायच्या. तळायची नाही, तिरफळ घालून सार करायचं. परसातल्या शेवग्याचा पाला भाजीला. स्वतःच्या चहातली साखर त्यांनी निम्म्यावर आणली; तेवढं एकच त्यांना जड गेलं. त्या बायकांतली येसूबाई गोळी चुकवते असं कानावर आलं, तर सकाळीच तिच्या दारात हजर.

चार महिन्यांत हौसाबाईंचं वजन पाच किलोने उतरलं. गुडघे काही नवे झाले नाहीत, पण पाखाडीवर चारदा टेकणारी बाई आता एकदाच टेकायची. येसूबाईच्या बोटांची सूज मात्र हटेना. तेव्हा हौसाबाईच तिला एसटीत बसवून चिपळूणला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

पुढे शेजारच्या गावाने दीपालीला माहिती सांगायला बोलावलं. ती हौसाबाईंना बरोबर घेऊन गेली आणि बायका जमल्यावर म्हणाली, "मावशी, तुम्हीच बोला."

"मी? मना वाचता येत नाय गो."

"वाचायचं कुठे आहे?"

हौसाबाईंनी पदर सावरला आणि पहिल्या ओळीतल्या म्हातारीला विचारलं, "काल काय जेवलीस गो?" दीपाली मागे जाऊन बायकांत सतरंजीवर बसली आणि कान देऊन ऐकू लागली.