जांघेवरचा पट्टा

मी हर्नियाचा पट्टा बोलतोय. रुंद इलास्टिकचा, जांघेवर दाबून बसणारी गादी शिवलेला. तुकोगंजातल्या एका औषधांच्या दुकानातून बुद्धरत्नने मला आणलं आणि शर्टाच्या आत बांधलं. घरात कुणालाच सांगितलं नाही.

बुद्धरत्न पन्नाशीचा, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. खोकला, वाकला की त्याच्या उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा यायचा. आडवा झाला की आत जायचा. मला बांधूनच तो डॉक्टर इरावतींकडे गेला. त्या म्हणाल्या, पोटाच्या भिंतीत कमजोर जागा झाली आहे, तिथून आतडं बाहेर येतं. गोळ्यांनी ती बुजत नाही. चीर देऊन जाळी बसवता येते, नाहीतर दुर्बिणीने, लहान छिद्रांतून. त्रास नसेल तर काही जण लक्ष ठेवून थांबतात. पण वजन उचलणाऱ्याने थांबू नये. फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर मात्र तडक यायचं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा इलाज नाहीये."

बरोबरच होतं ते. बुद्धरत्नने मान डोलावली आणि मला आणखी घट्ट आवळून घरी आला.

कारण घरी भीमाबाई होत्या. त्याची आई. कमरेखालची ताकद गेलेली. रोज सकाळी तो त्यांना कवेत घेऊन पलंगावरून खुर्चीवर बसवायचा. मुलगी धम्मदीना भंवरकुआंला क्लासमध्ये शिकवते, ती लवकर निघून जायची. ऑपरेशन केलं तर काही आठवडे वजन उचलायचं नाही. मग आईला कोण उचलणार?

त्या उचलण्याच्या वेळी माझा जीव खालीवर व्हायचा. आतलं आतडं माझ्यावर धडका द्यायचं. लिंबाचा पेरू झाला, तरी मला ओरडता येत नव्हतं. तो श्वास रोखायचा, मी दाबून धरायचो, आणि आई खुर्चीत टेकली की दोघंही सैल पडायचो.

एका सकाळी मी हरलो. आई अर्ध्यावर असताना फुगवटा माझ्या कडेने निसटला. बुद्धरत्नने त्यांना कसंबसं पलंगावर टेकवलं आणि खाली बसला. त्याने मला सोडलं, आडवा झाला, हाताने दाबून पाहिलं. फुगवटा दगडासारखा. आत जाईना. मग उलटी झाली.

भीमाबाईंनी जमिनीवर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"हे काय रे? कब से बांधतोयस?"

"काही नाही आई. थोडा गॅस झालाय. पडून राहतो, ठीक होऊन जाईल."

"मोबाईल दे इकडे."

त्याने दिला. भीमाबाईंनी नातीला फोन लावला. आवाज जराही कापला नाही. "धम्मा, क्लास छोड. बापाला दवाखान्यात न्यायचंय, अभी."

धम्मदीनाने मलाही पिशवीत टाकून नेलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर मी तिच्या मांडीवर होतो. आतडं अडकून पिळलं गेलं असेल, त्याचा रक्तपुरवठा तुटला असेल तर तेवढा तुकडा कापावा लागेल, असं सांगून डॉक्टर आत गेल्या होत्या. ती वाट पाहणं मला अजून आठवतं.

डॉक्टर बाहेर आल्या. "आतडं वाचलं. जाळी बसवली आहे. अजून उशीर झाला असता तर वाचलं नसतं."

घरी आल्यावर धम्मदीना आणि कामाला ठेवलेली एक बाई चादरीची झोळी करून भीमाबाईंना खुर्चीवर बसवू लागल्या. बुद्धरत्न सवयीने पुढे सरकायचा. भीमाबाई म्हणाल्या, "तू बस. मला नुसतं बघू दे तुला."

काल शेजारचा देवेंद्र आला होता. त्यालाही तसाच फुगवटा आहे. म्हणाला, "भिया, आता तुम्हाला पट्टा लागत नाही ना? मला देऊन टाका. ऑपरेशनची लय भीती वाटते यार."

बुद्धरत्नने मला हातात घेतलं, क्षणभर तोललं, आणि धम्मदीनाला म्हणाला, "टाकून दे हा." मग देवेंद्रकडे वळला. "चप्पल घाल. मी येतो तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे."

मी आता कचऱ्याच्या डब्यात आहे. गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं वाजतंय. तुमच्या घरात कुणी शर्टाखाली मला लपवून फिरत असेल, तर त्याला एकदा विचारा. मी तेवढा घट्ट नाही हो.