बाहेर पळ

"जातीस तर जा, पर माझं तोंड पुन्ना बघू नगंस!" दैवशालानं भाकरी तव्यावर अशी आपटली की पीठ उडालं.

मुरुमच्या बाजारात खानावळ चालवून तिनं प्रतीक्षाला नर्सिंगला घातलं होतं, आणि ही पोरगी निघाली जपानला, समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात. तेही तिनं पचवलं असतं. पण तिकडं सारखे भूकंप होतात असं शेजारच्या शांताक्कानं सांगितलं आणि तिचं डोकंच फिरलं. त्र्याण्णव सालच्या भूकंपात घराचं माळवद कोसळून तिचा दोन वर्षांचा मुलगा प्रेम गेला होता. त्यानंतर ती कधी घरात निजली नाही. अंथरूण कायम अंगणात.

"हादरलं की बाहेर पळशील न्हवं? माझी आण घे."

"बाहेर नाही आई, वर. तिथं समुद्राच्या तळाला जमिनीचा एक थर दुसऱ्याखाली घुसतोय. अडकलेला थर सुटला की हादरा बसतो, अन् मागनं समुद्र अंगावर येतो. म्हाताऱ्या माणसांना घेऊन चौथ्या मजल्यावर जायचं, असं शिकवलंय आम्हाला."

"घरात? छताखाली? तेबी दुसऱ्याची म्हातारी पाठीवर घिऊन? अक्कल गहाण टाकलीस का गं?"

निघताना प्रतीक्षा पाया पडायला वाकली, तर दैवशालानं पाय मागं घेतले. पुढं पोरीचा फोन आला की "जेवलीस का?" एवढं विचारून ती फोन शांताक्काच्या हातात द्यायची. राग काही केल्या उतरत नव्हता.

एका दुपारी खानावळ भरलेली असताना प्रतीक्षाचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता तिकडं एकदम भोंगे वाजायला लागले, चित्र गदगदा हललं.

"बाहेर पळ!" दैवशाला किंचाळली. गिऱ्हाइकांचे घास हातातच राहिले.

"आई, इथल्या आजीला उचलायचंय." फोन खिशात गेला. पडद्यावर अंधार, पण आवाज येत होता. जिना, म्हातारीचं कण्हणं, पोरीची धाप. मग पावलं थांबली.

"लई जड आहे गं... बसते जरा."

समुद्र मागनं येतो, हे पोरीचं बोलणं दैवशालाला आठवलं.

"बसू नगंस! वर चढ! म्हातारीसकट चढ, सटवे!"

पावलं पुन्हा वाजू लागली. बऱ्याच वेळानं आवाज आला, "पोचलो गं, आई." आणि फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना.

शांताक्का धावत आली. "कुणावर वरडायलीस गं?"

"पोरीवर. माडीवर हाय ती. खाली उतरू नगं म्हनायचं ऱ्हायलं."

आणि बंद फोन तोंडाशी धरून तिनं तेवढं सांगून टाकलं.