चौऱ्याऐंशी ठोके

नणंदेनं ते यंत्र पाठवलं तेव्हा सोबत चिठ्ठी होती: 'एकटी असतेस, तेवढीच सोबत.' पोटाला जेल लावायचं, यंत्र टेकवायचं, की बाळाचे ठोके ऐकू येतात. मला सातवा महिना, नवरा जहाजावर, आणि घरात आवाज काय तो माझ्या शिलाई मशीनचा.

तीन आठवडे मी रोज सकाळी ऐकलं. धप, धप, धप. आकडा चौऱ्याऐंशीच्या आगेमागे. मापात मी कधी चुकत नाही, म्हणून सोबतचा कागद वाचायची तसदी घेतली नाही. आमचं घोडं नेहमी तिथंच पेंड खातं. ठोके रेकॉर्ड करून नवऱ्याला पाठवायची. 'किती शांत आहे गं,' तो लिहायचा. 'डोळे मिटून ऐकत पडतो.'

मंगळवारी बाळ हललंच नाही. यंत्रानं चौऱ्याऐंशी दाखवले, म्हणून मी निवांत कापड बेतत बसले. दुपारपर्यंत पोटात हालचाल नाही, तेव्हा दवाखान्यात फोन केला.

"यंत्रावर ठोके किती येतायत?" सिस्टरनं विचारलं.

"चौऱ्याऐंशी. रोज तेवढेच असतात."

"ताई, आत्ताच्या आत्ता या. सोबत कुणाला तरी घ्या."

कुणाला घेणार? दाराला कुलूप लावलं आणि निघाले. वाटेत पोटावर हात ठेवून विनवत होते, 'एक लाथ मार रे बाबा, जन्मभर रागावणार नाही.'

सिस्टरनं एका हातानं तिचं यंत्र पोटावर धरलं, दुसऱ्या हातानं माझं मनगट. तेच धप, धप सुरू झालं.

"ही तुमचीच नाडी," ती म्हणाली. "दोन्हीकडे एकदमच लागतेय. बाळाचे ठोके एकशेदहा ते एकशेसाठ असतात."

"मग बाळाचे कुठायत?"

ती यंत्र सरकवत राहिली. इतकी भीती मला आजवर कधी वाटली नव्हती, आणि धरायला जवळ कुणाचा हात नव्हता.

मग डाव्या कुशीला, पार खाली, भरभर भरभर. एकशेचाळीस.

"सापडलं! पाठ करून बसलंय लबाड," सिस्टर म्हणाली. मी लहान पोरासारखी भोकाड पसरून रडले.

तो आवाज मी लगेच नवऱ्याला पाठवला. झाला प्रकार लिहिला नाही. उगाच तिथं त्याच्या जिवाला घोर कशाला? संध्याकाळी उत्तर आलं: 'आज एवढी घाई कसली? आधीचं बरं होतं गं. ते ऐकलं की घरी आल्यासारखं वाटायचं. तसंच पाठव ना.'

सहा वर्षांच्या संसारात त्यानं माझं म्हणणं कधी पाच मिनिटं धड ऐकून घेतलं नव्हतं. 'ती मी होते' एवढं लिहिलं, आणि पुसलं.

मग जेल लावलं, आणि बाळाला चुकवून माझे ठोके शोधत बसले.